एक काटा कमी

माझ्या मनगटावरील नवे घड्याळ पाहून आजवर चार जणांनी मला मोठ्या काळजीने सांगितले की, त्याचा मिनिटकाटा गळून पडला आहे. त्यांपैकी एक गृहस्थ तर स्वतः घड्याळे दुरुस्त करणारे. डोळ्याला भिंग लावून त्यांनी तबकडी न्याहाळली. काटा पडला असेल तर काचेखाली कुठेतरी दिसावयास हवा, म्हणून घड्याळ हलकेच तिरपे करून पाहिले. मग भिंग काढून ते म्हणाले, "साहेब, हे मुळात असंच बनवलंय?" मी होय म्हणालो. "आणि तुम्ही याचे पैसे दिलेत?" त्यालाही मला होयच म्हणावे लागले.

रविवार पेठेत आमच्या वडिलोपार्जित दुकानात बसणारे माझे थोरले बंधू यांनी तर एका वाक्यात हिशोब मिटवला. "काटा एक कमी आणि किंमत जास्त, हा कुठला व्यापार?" प्रश्न बिनतोड होता. आयुष्याची पस्तीस वर्षे बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासण्यात घालवलेल्या माणसाला तर तो अधिकच लागला. त्याचे उत्तर शोधण्यात गेले काही महिने गेले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम वस्तूचा परिचय करून देतो. घड्याळ जर्मनीतील म्युन्स्टर या शहरातील 'माइस्टरझिंगर' या कंपनीचे. मॅनफ्रेड ब्रासलर नावाच्या गृहस्थांनी ती २००१ मध्ये स्थापन केली. तबकडी हस्तिदंती रंगाची, तासांचे आकडे ०१, ०२, ०३ असे दोन अंकी, आणि मध्यभागातून निघालेला, सुईसारखा निमुळता होत गेलेला एकच काटा. मिनिटकाटा नाही, सेकंदकाटा नाही, तारीख नाही. तबकडीच्या कडेने १४४ बारीक रेषा आहेत. बारा तासांचे १४४ भाग, म्हणजे तासाचे बारा, म्हणजे प्रत्येक भाग पाच मिनिटांचा. पंधरा मिनिटांच्या आणि अर्ध्या तासाच्या रेषा इतरांहून ठळक. काटा बारा तासांत एक फेरा पूर्ण करतो. आपण फक्त त्याचे टोक कोठे आहे ते पाहायचे. ते ०४ च्या पुढे तिसऱ्या रेषेवर असेल, तर सव्वाचार वाजले.

आता थोडे गणित, कारण माझी सवय जात नाही. वर्तुळाचे ३६० अंश, त्याचे १४४ भाग, म्हणून एका भागाला अडीच अंश. मिनिटाला काटा अर्धा अंश सरकतो. माझ्या घड्याळाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. रेषांच्या वर्तुळावर मोजले तर दोन रेषांमधील अंतर साधारण पाऊण मिलिमीटर भरते. म्हणजे एक मिनिट हे मिलिमीटरच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतके. साठी ओलांडलेल्या डोळ्यांना ते दिसणे शक्यच नाही आणि तरुण डोळ्यांनीही दिसल्याचा आव आणू नये. हे घड्याळ पाच मिनिटे सांगते. त्याहून बारीक काही सांगितल्याचा दावा ते करीत नाही.

हे घड्याळ मी जर्मनीतच घेतले. आमची कन्या संशोधनासाठी म्युन्स्टरला असते आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सहा आठवडे तिच्याकडे होतो. तेथील कॅथेड्रलमध्ये सोळाव्या शतकातील एक खगोलीय घड्याळ आहे. १५४० ते १५४२ या काळात ते बांधले गेले. त्यावर चोवीस तास आहेत आणि त्याचा काटा आपल्या सवयीच्या उलट दिशेने फिरतो. खाली लावलेले पंचांग २०७१ सालापर्यंतचे आहे. त्या भव्य तबकडीवर चंद्र आणि ग्रह यांना जागा आहे, पण मिनिटाला नाही. मी कन्येला विचारले, "या लोकांचे काम कसे चालत असेल?" ती म्हणाली, "पप्पा, तेव्हा मिनिटं कुणाला हवी होती?"

तिचे म्हणणे इतिहासाला धरूनच होते. युरोपातील जुनी मनोऱ्यांवरील घड्याळे एका काट्याचीच असत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मनोऱ्यावर एककाटी घड्याळ आजही आहे. त्या काळची यंत्रे दिवसाला पाव तासापर्यंतही चुकत; ज्या यंत्राला पाव तासाचा भरवसा नाही, त्याला मिनिटकाटा लावणे म्हणजे पायलीने मोजलेल्या धान्याचे वजन रतीत लिहिण्यासारखे. ख्रिस्तिआन हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले, १६७५ मध्ये खिशातील घड्याळासाठी नागमोडी बारीक स्प्रिंग आणली, आणि त्यानंतरच मिनिटकाटा खऱ्या अर्थाने रूढ झाला. आधी अचूकता आली, मग ती दाखवणारा काटा आला. हा क्रम मला फार आवडला.

त्याच शहरात प्रिन्झिपालमार्क्ट नावाचा कमानींचा जुना रस्ता आहे. तेथे फिरताना एका दुकानाच्या काचेत हे घड्याळ दिसले. सकाळी पाहिलेल्या कॅथेड्रलच्या घड्याळाचे ते दूरचे नातवंड वाटले. मी आत गेलो आणि अर्ध्या तासाने बाहेर आलो, तो न घेता. घेण्यापूर्वी दोन गोष्टींचा निकाल लागणे आवश्यक होते.

पहिली गोष्ट पट्ट्याची. घड्याळाला वासराच्या कातड्याचा पट्टा होता. मऊ, सुरेख शिवणीचा आणि आपल्याला निषिद्ध. कन्येने दुकानातील बाईंना जर्मन भाषेत समजावले. त्या बाईंनी कोणतेही आश्चर्य न दाखवता पोलादी तारांच्या विणीचा जाळीदार पट्टा पुढे ठेवला. त्याचे वेगळे पैसे पडतील असे सांगितले. कातड्याचा पट्टा तेथेच ठेवून घ्या, असे मी म्हणालो, तेव्हा मात्र त्या जरा थबकल्या. पैसे भरलेली वस्तू कोणी मागे सोडून जात नाही. या विषयात माझे स्पष्ट मत आहे. महागड्या घड्याळांच्या जाहिरातीत मगरीच्या कातड्याचा पट्टा प्रतिष्ठेचे लक्षण म्हणून मिरवतात आणि आपल्यातील काही श्रीमंत मंडळीही तो बिनदिक्कत बांधतात. घड्याळाच्या यंत्राला त्या पट्ट्याचा काडीचा उपयोग नसतो. पोलाद, कापड, रबर असे अनेक पर्याय उपलब्ध आहेत. विचारले की मिळतात.

दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. मला घड्याळांची आवड विद्यार्थिदशेपासून. पण संग्रह वाढू लागला की तो माणसाला सांभाळत नाही, माणूसच त्याला सांभाळू लागतो. म्हणून बारा-तेरा वर्षांपूर्वी एका पर्युषणात मी इतर वस्तूंबरोबर घड्याळांचेही परिमाण घेतले: सात. वडिलांचे फाव्र-लूबा, पहिल्या पगाराचे एचएमटी जनता, एचएमटी पायलट, पातळ एचएमटी सोना, लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी मुलांनी दिलेले टायटन, जुन्या बाजारात मिळालेले एक खिशातील घड्याळ आणि निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेले क्वार्ट्झ. झाली सात. आठव्याला जागा नव्हती. सौ.ने हा मुद्दा काढण्यास क्षणाचाही विलंब लावला नाही. "अहो, सात म्हणजे सात. नवीन घरात येण्याआधी जुनं एक घराबाहेर जायला हवं."

मी सुचवले की, निवृत्तीचे घड्याळ कोणाला तरी देऊन टाकू. तसेही ते कपाटातच असते. त्यावर ती म्हणाली, "जे नकोच आहे ते देणं म्हणजे देणं का?" पाच हजार किलोमीटरहून अधिक दूर परक्या शहराच्या कमानीखाली उभे राहून हे ऐकताना मला हसूही आले आणि ओशाळल्यासारखेही झाले. अखेर पायलट द्यायचे ठरले. काळ्या तबकडीचे, ठसठशीत आकड्यांचे ते घड्याळ माझे अतिशय आवडते. बंधूंचा नातू नुकताच सीएच्या आर्टिकलशिपला लागला होता. त्याच रात्री त्याला फोन केला, आमच्या घराची किल्ली बंधूंकडे असतेच, कोणत्या खणात आहे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी पायलट त्याच्या मनगटावर गेल्याचे छायाचित्र आले आणि मग मी दुकानात गेलो. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा फोन: "आजोबा, घड्याळ बंद पडलं. सेल कुठला लागतो?" चावी द्यावी लागते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. चूक माझीच.

किमतीविषयी एवढेच सांगतो की, माझे जवळजवळ तीन महिन्यांचे निवृत्तिवेतन त्यात गेले. जिनिव्हाच्या बड्या नावांच्या मानाने ही रक्कम किरकोळ. माझ्या मानाने ती चैनच. परतताना मुलीने सुचवले, "हातात घालूनच जा ना, कोण विचारतंय?" कोणी विचारले नसतेही. पण आयुष्यभर लोकांना पावत्या मागितल्या, तेव्हा मुंबईला उतरल्यावर लाल मार्गाने गेलो. त्या वेळच्या नियमानुसार ५०,००० रुपयांवरील किमतीला ३८.५ टक्के शुल्क भरले आणि पावती घड्याळाच्या पेटीत ठेवली. तेथील अधिकाऱ्यांनीही घड्याळ पाहून विचारलेच, "दुसरा काटा?" जर्मनीत भरलेल्या करापैकी काही परत मिळाला, त्यामुळे जमाखर्च थोडा सावरला.

आता बंधूंच्या प्रश्नाकडे वळतो. काटा कमी, तर खर्च कमी व्हावयास हवा. वस्तुतः तसे होत नाही, कारण आतील यंत्र नेहमीच्याच घड्याळाचे असते. तासाला एक फेरा घेणारे मिनिटाचे चाक आत फिरतच असते. त्यावर काटा बसवलेला नसतो इतकेच. त्या चाकाची गती लहान दातेरी चाकांनी बाराव्या हिश्श्यावर आणली जाते आणि जो काटा दिसतो तो त्या मंद चाकावरचा. यंत्र कंपनीचे स्वतःचे नाही; स्वित्झर्लंडमधील कारखान्यात तयार होणारे आहे आणि त्याच जातीची यंत्रे अन्य अनेक नावांच्या घड्याळांतही असतात. त्यामुळे किमतीतील काही भाग पोलादाचा आणि कारागिरीचा, काही कल्पनेचा आणि काही निव्वळ नावाचा, हे मला कबूल केले पाहिजे. या वाटपाचे नेमके प्रमाण कंपनी सांगणार नाही आणि मी अंदाज करणार नाही.

घड्याळाची पाठ काचेची आहे. रत्नांच्या व्यवसायातील माझ्या एका मित्रांना मी ती दाखवली, तेव्हा त्यांचे लक्ष पहिल्यांदा तांबड्या ठिपक्यांकडे गेले. चाकांचे आस जेथे टेकतात तेथे दीड डझनाच्या आसपास माणके बसवलेली असतात. पोलादाचा टोकदार आस माणकात फिरला की घर्षण कमी होते आणि झीज जवळजवळ होत नाही. घड्याळात रत्नांची छिद्रे वापरण्याचे एकस्व निकोला फासिओ या स्विस गणितज्ञाने दोन कारागिरांसह १७०४ मध्ये लंडनला मिळवले होते. त्या काळी ती खरी रत्ने असत. पुढे ऑग्युस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने भट्टीत माणिक तयार करण्याची कृती १९०२ मध्ये जाहीर केली, आणि आज घड्याळांतील माणके सर्व भट्टीतील असतात. मित्रांनी भिंगातून पाहून शेरा दिला, "रंग चांगला, भाव शून्य." तेव्हा 'इतक्या ज्वेल्सचे घड्याळ' असे सांगून कोणी भाव चढवू लागला, तर सावध राहावे. ती रत्ने दागिन्याची नव्हेत, बेअरिंगची आहेत.

पहिल्या आठवड्यात मी या घड्याळावर बराच नाराज होतो. तास मिळवणे हेच मुळी अवघड. चावी बाहेर ओढून काटा फिरवताना तो रेषेपुढे गेला आणि मागे आणू लागलो, की आतल्या चाकांच्या दातांतील मोकळीक आड येते आणि काटा किंचित झोल खातो. शेवटी युक्ती सापडली. काटा नेहमी अलीकडून पलीकडेच न्यावा; उलट फिरवून रेषेवर आणू नये. दुसरी तक्रार अशी की, घड्याळ बरोबर चालते की नाही हे कळेना. सेकंदकाटा नसल्यामुळे ते चालू आहे हेही कानाला लावल्याशिवाय समजत नाही. कानाला लावले की सेकंदाला आठ ठोक्यांची बारीक टिकटिक ऐकू येते. मी वही घेतली. रोज सकाळी आठच्या बातम्यांना काट्याचे टोक कोठे आहे ते लिहू लागलो. आठवडा संपला तरी सातही नोंदी सारख्याच. यंत्राचे घड्याळ दिवसाला काही सेकंद पुढे-मागे होणे स्वाभाविकच आहे. आठवड्यात मिनिटभराचा फरक पडला असेलही, परंतु तो फरक पाऊण मिलिमीटरच्या पाचव्या भागात विरघळून गेला. मी वही बंद केली. आपली चूक ते लपवते, असा आरोप मी बंधूंपुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "मग तुझ्या त्या क्वार्ट्झने आजवर काय उघडं केलं?"

तिसरी अडचण घरची होती आणि ती खरी होती. आमच्याकडे सकाळी नवकारशी आणि सायंकाळी चौविहार. दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मिनिटांत दिलेल्या असतात. जुलैच्या मध्यात सूर्योदय ६ वाजून ६ मिनिटांनी, म्हणून नवकारशी ६ वाजून ५४ मिनिटांनी. हे चोपन्न माझ्या तबकडीवर कोठेच नाही. ५५ च्या रेषेच्या जरा अलीकडे काहीतरी असावे, एवढेच. सौ.ने जाहीर केले की, पाण्याचा पेला तोंडाला लावायचा तो भिंतीवरच्या घड्याळावर, "तुमच्या शोभेच्या वस्तूवर नाही."

यावर विचार करताना मला वाणिज्य महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा धडा आठवला. हिशोबशास्त्रात सावधगिरीचे एक तत्त्व आहे. होण्याची शक्यता असलेला तोटा आधीच धरावा आणि न झालेला नफा कधीही धरू नये. तेच येथे लावायचे. सकाळी काटा पुढच्या रेषेवर पोहोचेपर्यंत थांबायचे. सायंकाळी सूर्यास्त ७ वाजून १४ मिनिटांनी असेल, तर काटा ७ वाजून १० मिनिटांच्या रेषेला लागला की भोजन आटोपलेले असायचे. सकाळी एक मिनिट उशीर, सायंकाळी चार मिनिटे लवकर. नियम मोडण्याचा प्रश्नच उरत नाही. सौ. ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे संध्याकाळी दारात घाईघाईने पाणी प्यायचं बंद होणार तुमचं." हा चिमटा योग्य होता. मिनिटकाटा हाताशी असताना माझा चौविहार सूर्यास्ताच्या कडेवर चाले. एक मिनिट उरले आहे म्हणून आणखी एक घास, असे. आता तसे होत नाही, कारण ते एक मिनिट मला दिसतच नाही.

सामायिकाचे गणित मात्र सुरेख बसते. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात काटा बरोबर चोवीस अंश सरकतो, म्हणजे दहा घरांना थोडा कमी. मी दहा घरे मोजतो. दोन मिनिटे अधिक बसल्याने बिघडत काही नाही. पूर्वी समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा शेवटच्या मिनिटात पळताना मन त्याच्याबरोबर पळे, हे येथे लिहावयास संकोच वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांचे तसेच होत असावे.

या सर्व काळात एक जुनी घटना मनातून जाईना. १९९२ च्या सुमाराची. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. ग्राहकांची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. एक कापडाचे व्यापारी डिमांड ड्राफ्ट काढण्यासाठी धावत आले. शाळेच्या गणवेशाच्या कापडाची निविदा त्याच दिवशी भरावयाची होती आणि ड्राफ्टवाचून ती घेतली जाणार नव्हती. शिपायाने तोवर जाळीचे दार ओढले होते. व्यापाऱ्यांनी जाळीतून मनगट आत घातले. "साहेब, अजून चार मिनिटं आहेत." मी भिंतीकडे बोट दाखवले. तेथे दोन वाजले होते. भिंतीवरचे घड्याळ बँकेचे होते, मनगटावरचे त्यांचे. कोणते मानायचे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. ते काही न बोलता परतले.

सायंकाळी रोकड जुळवताना रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या, तेव्हा भिंतीवर सात वाजून चार मिनिटे झाली होती. चौकशी करता कळले की, क्लिअरिंगचे टपाल चुकू नये म्हणून आमच्याच एका माणसाने ते घड्याळ मुद्दाम पुढे करून ठेवले होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. नव्याने बदलून आलेल्या मला ते ठाऊक नव्हते. निविदा दुसऱ्या कोणाला मिळाली. व्यापाऱ्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली नाही, मला शब्दही बोलले नाहीत. चार-पाच महिन्यांनी त्यांनी खाते बंद केले. अर्जातील कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहिले होते. त्यावर सही माझीच होती. त्यांच्या दुकानी जाऊन क्षमा मागावी असे कित्येकदा मनात आले. बदली झाली, गाव सुटले. ते राहून गेले. दर संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना त्यांचे मनगट डोळ्यांपुढे येते.

त्या दिवशी भिंतीवर एका काट्याचे घड्याळ असते, तर काय झाले असते? काटा दोनच्या रेषेला टेकल्यासारखा दिसला असता. टेकला की नाही, हे मला छातीठोकपणे सांगता आले नसते. मग कदाचित मी दार उघडले असते. कदाचित नसतेही उघडले. तेव्हाचा मी कसा होतो हे मला ठाऊक आहे. परंतु भिंतीकडे तशा खात्रीने बोट दाखवता आले नसते, एवढे निश्चित.

कोणी विचारले की, असे घड्याळ घ्यावे काय, तर मी प्रथम प्रतिप्रश्न करतो की, आपला दिवस कसा जातो? ज्यांना गाडी पकडायची असते, औषधाच्या मात्रा मोजून द्यायच्या असतात, शेअर बाजार उघडण्याच्या क्षणी सौदा टाकायचा असतो, त्यांनी याच्या वाटेस जाऊ नये. मी स्वतः पुणे-मुंबई रेल्वेप्रवासाला निवृत्तीचे क्वार्ट्झ बांधतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. सेकोने १९६९ च्या नाताळात पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले, त्या दिवसापासून अचूकतेची स्पर्धा यंत्राची घड्याळे हरलीच आहेत. आज शे-दोनशे रुपयांचे घड्याळही माझ्या माणकांच्या यंत्राहून अचूक चालते. गुंतवणूक म्हणूनही हे घेऊ नये. विकायला गेल्यास दिलेले पैसे परत येतील अशी आशा मी कोणाला लावणार नाही. दर चार-पाच वर्षांनी तेलपाणी करावे लागेल, त्याचा खर्च वेगळा. आणि मी ज्यांच्याकडे ते काम देणार आहे, ते कारागीर अजूनही भिंगातून पाहताना मान हलवतात.

परवा बंधू घरी आले होते. बोलता बोलता त्यांनी माझा हात पुढे ओढला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ तबकडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पावणेसहा होत आले." मी भिंतीवर पाहिले. पाच वाजून त्रेचाळीस मिनिटे झाली होती. सौ.ने स्वयंपाकघरातून हाक दिली की पाने वाढली आहेत, आणि आम्ही दोघे उठलो.